पावण्यांचा अंगठा

जड वस्तू दिसली की पावण्यांचे हात शिवशिवायला लागत. आळेफाट्यावर एखादा ट्रक पंक्चर झाला आणि क्लीनर स्टेपनीशी झटताना दिसला, की हातातला चहा टपरीवर तसाच ठेवून हे धावत. "सरक राव, बघू दे तिचं वजन," म्हणत स्टेपनी पोटाशी धरून उचलत, जरा झुलवून बघत आणि मग क्लीनरच्या हवाली करत. गॅसची टाकी, लग्नातला भाताचा हंडा, बंद पडलेली स्कूटर, काहीही चालायचं. एकदा फाट्यावरच्या बँकेत नवी तिजोरी आली, तर हमालांच्या रांगेत पावणं सगळ्यांत पुढे. मॅनेजरला वाटलं हाच मुकादम, आणि तो सगळ्या सूचना यांनाच द्यायला लागला. पावण्यांनीही त्या मान डोलावून ऐकून घेतल्या.

त्यांचं खरं नाव आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. आंबेगाव तालुक्यातलं त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते बायकोला घेऊन आमच्या गावात, म्हणजे त्यांच्या सासुरवाडीला, राहायला आले. नव्वद सालानंतरची गोष्ट. गावाच्या जावयाला पाहुणा म्हणायची रीत, म्हणून ते 'पावणं' झाले आणि दहा-बारा वर्षं उलटली तरी पावणंच राहिले. त्यांच्या सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणे. आबांच्या घरात जावयाने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घ्यायचा नाही. पावण्यांनी कांद्याच्या गोणीला हात लावला रे लावला की आबा वसकन ओरडत, "अवो, ठिवा ती खाली. लोकं काय म्हंतील, आबानं जावयाचा हमाल केला?" बिचारे गोणी खाली ठेवत आणि बाजेवर जाऊन बसत.

म्हणूनच त्यांनी फाट्यावर व्यायामशाळा काढली असावी, असं माझं ठाम मत आहे. ते एका गॅरेजमध्ये ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करत. गॅरेजच्या मागे एक पत्र्याची शेड मोकळी पडली होती. भंगारातला एक शाफ्ट घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना ब्रेक ड्रम अडकवले, झाला बारबेल! डंबेल म्हणून गिअरची चाकं आणि बाकडं म्हणून एका टेम्पोची मागची फळी. मी तेव्हा फाट्यावर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नुकताच लागलो होतो. दुकान बंद झालं की मी आणि गावातले माझ्याच वयाचे सहा-सात गडी सायकली हाणत शेडमध्ये पोचायचो. अंगाला ग्रीसचा वास लागायचा, तळहात काळे व्हायचे, आणि तरी त्या शेडमध्ये शिरताना छाती आपोआप दोन बोटं पुढे यायची. पावणं ड्रमवर थाप मारून सांगत, "लोखंडाला नातं कळत न्हाई, म्हणून मला लई आवडतं. ते कुणालाच बसा म्हणत न्हाई."

दुखापतीबद्दल त्यांचा एकच कायदा होता. "जे दुखतंय ते घरी ठेव, आन् बाकीचा ये." माझा पाय सायकलवरून पडून मुरगळला तेव्हा मी आठवडाभर सुट्टी मिळाली म्हणून मनातून खूशच होतो. दुसऱ्याच दिवशी पावणं दारात हजर. "पाय दुखतोय ना? मग हातांनी काय पाप केलं?" त्यांनी मला मोटारसायकलवर घालून शेडमध्ये नेलं, बाकड्यावर बसवलं, दुखरा पाय एका डब्यावर ठेवला आणि खांदे भरून येईपर्यंत गिअरची चाकं डोक्यावर उचलायला लावली. पण त्याच वेळी मी चुकून त्या पायावर भार देऊन उठलो तर असे खवळले, की शेजारच्या गॅरेजातले लोक बघायला आले. दुखऱ्या जागेला त्रास द्यायचा नाही आणि बाकीच्या शरीराला आळस करू द्यायचा नाही, या दोन गोष्टी त्यांनी आमच्या डोक्यात हातोडीने ठोकल्या. आज चाकणच्या कंपनीत दिवसभर उभं राहून माझा गुडघा कुरकुरतो, तेव्हा मी गुडघ्याला घरी ठेवून बाकीचा व्यायामाला जातो.

आता गोटीचं सांगायला हवं. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळासमोर काळ्या दगडाची एक गोल गरगरीत गोटी आहे. जत्रेच्या दिवशी गावचे गडी ती उचलतात. आधी मांडीवर, मग छातीवर, मग खांद्यावरून मागे. गोटी गावच्या माणसाची, पाहुण्याने हात लावायचा नाही, असा पूर्वापार नियम. पावणं दर जत्रेला पारावर बसून बघत. त्यांच्याइतका ताकदवान माणूस पंचक्रोशीत नव्हता आणि त्याला नुसतं बघावं लागे. कुणी गोटी उचलायला वाकला की इकडे पावण्यांच्या मांड्या ताठ होत, दात ओठांत रुतत. एकदा त्यांनी मला हळूच सांगितलं, "माझ्या गावातबी व्हती रं अशी. पाण्याखाली गेली. आता कुठं जाऊन उचलू?" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला दगड उचलायचा नव्हता, त्याला एक गाव हवं होतं.

मग आम्ही व्यायामशाळेच्या पोरांनी एका वर्षी बंडच केलं. "पावण्यांना गोटी देत नसाल तर आम्हीही उचलत नाही," असं जत्रेच्या बैठकीत सांगून टाकलं. म्हातारी मंडळी भडकली, मग आबांकडे बघायला लागली. आबांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "यंदाच्या साली घ्या हौस भागवून. पुन्यांदा न्हाई." आम्ही त्या रात्री फाट्यावर मिसळ खाल्ली. पावण्यांची मिसळ तशीच निवत होती. ते सारखे स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघत होते.

आणि जत्रा तोंडावर आली असताना शाफ्टच्या टोकाची पकड निसटली, ब्रेक ड्रम घसरला आणि पावण्यांच्या डाव्या अंगठ्यावर बसला.

अंगठा जांभळ्या वांग्यासारखा सुजला. फाट्यावरच्या तरुण डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण आतून चांगलंच ठेचलंय. महिनाभर या अंगठ्याला जोर द्यायचा नाही."

"अंगठ्याला न्हाई देत, डॉक्टर. बाकीच्या अंगाचं काय?"

डॉक्टर हसले. "बाकीच्या अंगाला मी कुठं नाही म्हणतोय?"

झालं, पावण्यांचाच कायदा पावण्यांना लागू झाला! तो सगळा काळ मला आजही आठवला की अंगात वारं शिरतं. शेडमध्ये आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यात ओली वाळू भरली, दोरखंडाने आवळून तिला गोल केलं आणि तिची गोटी बनवली. पावणं तिच्यासमोर तासन्‌तास बसत आणि बोटं न लावता ती कशी उचलायची ते शोधत. कोपरं खाली घालून बघितलं, मनगटं एकात एक अडकवून बघितलं. वाळू अंगावर फुटली, दोर सुटला, एकदा तर ते गोटीसकट उताणे पडले आणि छताकडे बघत खदाखदा हसत राहिले. शेवटी साधलं. दोन्ही हातांचे पुढचे भाग खालून घालायचे, गोटी पोटाला चिकटवायची आणि सगळा भार पायांवर घ्यायचा. अंगठा आपला वर, निवडणुकीतल्या उमेदवारासारखा. पायांसाठी ते खांद्यावर शाफ्ट घेऊन बैठका मारत आणि शाफ्ट घरंगळू नये म्हणून मागून आमच्यापैकी दोघं धरायचे. त्यांच्या मांड्या थरथरायच्या आणि आम्ही आरडाओरडा करून शेड डोक्यावर घ्यायचो.

एकच भीती होती, आबांना कळायला नको. जावयाला लागलं असं कळलं की सासुरवाडी धावून येणार, हळद-दूध सुरू होणार आणि गोटी बंद. म्हणून पावणं घरी डावा हात टॉवेलखाली ठेवून वावरू लागले. शांताक्का, त्यांची बायको, रोज गुपचूप लेप लावून द्यायची. ती गावचीच लेक, आबांची मुलगी. मी एकदा तिला म्हटलं, "आक्का, तू तरी त्यांना थांबव." ती पट्टी बांधता बांधता म्हणाली, "बारा वर्सं हा माणूस माझ्या बापाच्या घरी पावण्यावानी जेवतोय. त्याचा अंगठा दुखतोय त्ये तुला दिसतं. बाकीचं दुखणं मला दिसतं."

जत्रेच्या दिवशी मात्र गोटी उचलण्याआधी मारुतीसमोर विडा घ्यावा लागतो, आणि तो ओंजळीत घ्यावा लागतो. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! आबा विडा द्यायला पुढे आले. पावण्यांनी टॉवेल बाजूला केला आणि ओंजळ धरली. पांढरी पट्टी सगळ्या गावाने पाहिली. ढोल थांबला. आबांचा चेहरा तांबडा झाला.

"ह्ये काय? सांगितलं का न्हाई? उद्या हात मोडला तर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील. जावई हायसा तुमी माझं."

"त्येच तर दुखणंय, आबा," पावणं खाली बघत म्हणाले. "अंगठा बरा हुईल. ह्ये न्हाई बरं व्हायचं."

आबांनी एकदा त्या पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी विडा ओंजळीत ठेवला आणि बाजूला झाले.

पावणं वाकले. हात खालून घातले, गोटी पोटाला लावली, आणि ती जमिनीवरून सुटली. आम्ही ओरडत होतो, बायका घरांच्या ओट्यांवर चढल्या होत्या. मांडीवर आली. पावण्यांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. छातीपर्यंत आली, अगदी छातीला टेकली, आता फक्त खांदा उरला होता, आणि तेवढ्यात घामाने गोटी सरकली. सवयीने त्यांनी डावा पंजा आवळला. अंगठ्यातून कळ गेली असणार, कारण त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला आणि गोटी धपकन मातीत रुतली. पावण्यांनी गोटीला हात लावून नमस्कार केला आणि गर्दीतून वाट काढत निघाले. मला रडू आवरेना.

दुपारी पंगत बसली. पहिल्या रांगेला पाहुणे आणि जावई, तसे पावणंही मान खाली घालून पत्रावळीसमोर बसले होते. आमच्या गावात आणखी एक रीत आहे. ज्याच्या हातून गोटी सुटते, त्या गड्याने पंगतीत आमटीची बादली धरायची. तो दंडच. त्या दिवशी गोटी सुटलेले आमचे दोघं-तिघं चेष्टा सोसत बादल्या घेऊन हिंडत होतेच. तेवढ्यात आबा स्वतः एक भरलेली बादली घेऊन पंगतीत शिरले आणि पावण्यांसमोर थांबले.

"तू का बसलास रं? तुझ्या हातनं गोटी सुटली न्हाई व्हय?"

पंगतीतला कुणीतरी म्हातारा म्हणाला, "आबा, जावई हाय त्यो. आन् हात दुखतोय."

"डावा दुखतोय. उजव्याला काय धाड भरलीय? गावाचा नियम सगळ्यांस्नी सारखा." आबांनी बादली खाली टेकवली. "ऊठ. धर."

पावणं उठले. उजव्या हाताने त्यांनी बादली उचलली, पट्टीवाल्या डाव्या हाताच्या चार बोटांत वगराळं धरलं आणि वाढायला सुरुवात केली. आमटी सांडत होती, पत्रावळींवर कमी आणि लोकांच्या मांड्यांवर जास्त. लोक शिव्या घालत होते, "ए, नीट वाढ की लेका," आणि प्रत्येक शिवीला पावणं मान हलवून "वाढतो, वाढतो" म्हणत होते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे गालांवरून ओघळणारं पाणी पुसायला त्यांना सवडच नव्हती. माझ्यापुढे आले तेव्हा माझी पत्रावळ भरून वाहत होती. मी म्हटलं, "पावणं, बास." ते थांबले नाहीत, आणखी एक वगराळं ओतलं आणि पुढच्याला विचारायला वळले.