तोंडातला पदर

सोजरा माझी धाकटी जाऊ. संतपूरची लेक, मैलुरात आमच्या घरी दिलेली. तिचं सांगायचं मनलं की माझं डोकं फिरतं, पण सांगते.

तिची पहिली पोरगी, विजयश्री, तापानं गेली. लोक रडून रडून थांबतात, ही थांबली न्हाई. दिवेलागणीला अंगणात बसून हेल काढून ओरडायची. गल्लीतल्या शहाण्यांनी मनलं, भानामती हाय. झालं! माझ्या दिरानं, श्रीपतरावानं, तिला खांबाला बांधलं, लिंबाच्या फोकानं अंग सोलून काढलं, कुठल्या कुठल्या बाबाकडं नेलं. लेकरू गेलेल्या बाईला ओरडू बी देईनात मेले. मग ती शिकली. ओरडावं वाटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबायची अन् भाकरी थापत ऱ्हायची. तिच्या एकूण एक लुगड्याचा पदर चावून विरलेला.

हरिओम नंतर झाला. बेंगळुरूला शिकून आला, नोकरी काही लागली न्हाई, अन् गल्लीमागच्या बंद गोदामात त्यानं शनिवार रात्रीचा रॉकचा क्लब काढला. पोरापोरींचे काळे कपडे, काळे ओठ, डोळ्याला फासलेलं काजळ. गाणं मनजे गिटारीचा गोंगाट अन् किंकाळ्या. मी इचारलं, कोण मेलंय रे? तर मनला, मोठी आई, आत साचलेलं भाईर काढायचं असतंय. मोठा आला शहाणा.

सोजरा त्याचा डबा घेऊन गेली, मी बी संगं होते. आत समदेच ओरडायलते. ती भिंतीला टेकून ऐकत ऱ्हायली, मग तोंडातला पदर काढला अन् ओरडली. कुणी वळून सुदिक बघितलं न्हाई. काळ्या ओठांच्या एका पोरीनं नुसती पाण्याची बाटली पुढं केली. त्या रात्री सोजरा गाढ झोपली. मग दर शनिवारी डब्याचं निमित्त. तिच्या अंगावर मांस चढलं, ती हसाय लागली. मला मनली, "अक्का, हितं मला कुणी बांधत न्हाई."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी गाणं संपलं, समदे थांबले, सोजरा थांबली न्हाई. गोदाम चिडीचूप अन् तिचा एकटीचा हेल, विजू, विजू. पोरं मागं सरकली, कुणी मोबाईल काढला. मला वाटलं, हरिओम येऊन आईला जवळ घेईल. तो आला, काजळ गालावर उतरलेलं, अन् आईपासून हातभर लांबच थबकला.

"मोठी आई, हिला परत भानामती लागलीय. अप्पाला बोलवा!"

अन् त्यानंच तिचा पदर गोळा करून तिच्या तोंडात कोंबला. लहानपणापासून बघितलेलं, हात बरोब्बर तिथंच गेला.

मी त्याच्या मुस्काटात दिली. काय उपयोग? सोजरा त्याच्याकडं बघत ऱ्हायली, पदर तसाच तोंडात.

क्लब चालूच हाय, गर्दी वाढलीय. शनिवारी श्रीपतराव खोलीला भाईरून कडी घालतो. कडीची बी गरज न्हाई. गोदामातला ड्रम ऐकू आला की सोजरा आपणहून पदर तोंडात घेते. मागल्या शनिवारी मी कडी काढून आत गेले, तिला कवेत घेतलं, मनलं ओरड गं बाई, मी हाय की.

तिनं पदर काढला.

"लेकरू भ्यालं ना त्या दिवशी, अक्का," एवढंच मनली अन् परत तोंडात घातला.