खिडकीमागचे मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी कोडमधली चूक शोधत होते. आधी चूक सापडली आणि मग रडू आलं... हा क्रम मामांना आवडला असता.

महिना झाला त्याला. आदिलाबादला लागूनच असलेल्या मावला गावात त्यांचं घर. सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर या गृहस्थानं काय शिकावं, तर वेबसाइटच्या पोटातलं लिखाण, पीएचपी. निमित्त मी. हैदराबादच्या मुलाखतीत सर्व्हर म्हणजे काय, एवढंही मला धड सांगता आलं नव्हतं. कम्प्युटर माझ्यानं होणार नाही, असं घरी जाहीर करून मी पदवी पेटीत टाकली होती. मामांनी ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी म्हणाले, उद्या सकाळी सातला ये, मी शिकवतो. त्यांना ते येतं हे मामींनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी पानानं 'नमस्कार' म्हणावं म्हणून मी चार ओळी लिहिल्या. फाइलवर डबल-क्लिक केलं, तर नमस्काराऐवजी सगळा कोडच स्क्रीनवर. मामा क्षणभरही न थांबता म्हणाले, "अवं पोरी, अर्ज खिडकीत द्याचा सोडून तू थेट दफ्तरात घुसून राह्यली. मंग दाखला कसा भेटन?" ब्राउझर म्हणजे खिडकीबाहेरचा माणूस, सर्व्हर म्हणजे आतला कारकून. लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच कम्प्युटरमधल्या सर्व्हरचा, पत्ता टाकून मागितलं की कारकून आत कोड वाचतो आणि बाहेर फक्त तयार दाखला सरकवतो. मी पत्ता टाकला. 'नमस्कार' उमटला. त्या एका शब्दासाठी मामींनी शिरा केला.

पुढे काही अवघड विचारलं की मामा म्हणायचे, हे उद्या. आणि उद्या अगदी चोख उत्तर मिळायचं. मला त्यांच्या हुशारीचा हेवा वाटायचा. वर्षभरानं पुन्हा मुलाखतीला गेले, सर्व्हरबद्दल विचारलंच, आणि मी बिनदिक्कत तहसीलची खिडकी सांगितली. समोरचे हसले, नोकरी दिली.

परवा मामींनी मामांचा कम्प्युटर लावायला सांगितला. पहिल्या धड्याची, मामांनी आधी स्वतः लिहून पाहिलेली फाइल निघाली. कोडमध्ये लिहिणारा स्वतःसाठी टिपा लिहितो. सर्व्हर त्या बाहेर धाडतच नाही. तिथे मामांची टीप होती, माझ्या धड्याच्या आदल्या दिवशीची:

"दोन दिवसांपासून डबल-क्लिक करून राह्यलो, कोडच दिसते. आज कुठं समजलं. पोरगी बी हेच करन. मले येत नोतं हे तिले सांगाचं नाई, तिचा धीर सुटन."

मी मोठ्यानं हसले. मामींना वाचून दाखवलं, त्याही डोळे पुसत हसल्या. मग त्या टिपेखाली मी एक ओळ जोडली आणि पान उघडलं. बाहेर नुसता 'नमस्कार' आला.