मावशीच्या स्वयंपाकघरातला खांब

आमच्या मावशीइतका संशयी प्राणी ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही. पाहुण्यांनी आणलेला आंबा ती आधी उभा चिरते आणि मगच त्यांना बसा म्हणते. वर्तकनगरजवळच्या एका प्रयोगशाळेत ती कामाला आहे. दवाखान्यात माणसांचा काढतात तसा सीटी स्कॅन तिथे यंत्रांच्या भागांचा आणि काँक्रीटचा काढतात. न फोडता आतल्या भेगा, पोकळ्या दिसतात. कारखानदार नमुना पाठवणार तो निवडून, पुसूनच. म्हणून नमुना आपण स्वतः उचलायचा, हा तिचा नियम. लग्न ठरवतानाही म्हणे ती मुलाला ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच बघून आली. "तयारी केलेला नवरा काय बघायचा?"

दिवा स्टेशनजवळ एकाच इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, असं पुनर्विकासासाठी आलेल्या बिल्डरने सांगितलं तेव्हा मी भडकलो. हा घरं लाटायचाच डाव. 'इमारत भक्कम आहे, हलणार नाही' असं पत्रक मी लिहूनही टाकलं. मावशी म्हणाली, थांब, खांबातला तुकडा काढून स्कॅन करू. बिल्डरच्या माणसाने जिन्याखालचा ओल धरलेला खांब दाखवला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी नुकताच रंगवलेला. तिने दोन्ही नाकारले आणि वर जाऊन स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या खांबावर खडूने फुली मारली.

आठवड्याने तिने मला प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर राखाडी गोल, त्यात काळे डागच डाग.

"काळं काय आहे गं?"

"हवा. सिमेंट असायला हवं तिथे."

बिल्डरने तुला गाठलं का, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती चक्क खूश झाली. "हां, आता विचारलंस. दुसऱ्या लॅबला पाठवू. खांब तू निवड." मी निवडलेलाही तसाच निघाला. पत्रक फाडून मी नवं लिहिलं: घरं सोडू, पण नव्या घराचा नोंदणी केलेला करार हातात आल्यावरच. तो मिळवलाही. तरी शेजारच्या बायका मावशीला ऐकू जाईल अशा बेताने घरभेदी म्हणत राहिल्या.

तिने खडवलीला भाड्याने खोली घेतली. निघायच्या दिवशी टेम्पो भरला, पण ती खाली येईना. वर गेलो तर रिकाम्या स्वयंपाकघरात त्याच खांबाला टेकून बसलेली.

"लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच बसून तांदूळ निवडले रे," ती म्हणाली. मग उठत, "फुली मारली त्या दिवशी मीपण चांगला खांब बघूनच निवडला होता."