पडद्याखालची मेणबत्ती

मुलाने सहलीसाठी भाड्याने कॅराव्हॅन आणली. आत शिरल्याशिरल्या सुनेने खिडकीशी सुगंधी मेणबत्त्या लावल्या. वर नायलॉनचा पडदा लोंबत होता, बाकाखाली गॅसचा सिलिंडर होता आणि डास येतात म्हणून काचा बंद होत्या.

"अगं, पडदा पेटेल," मी म्हटलं.

"आई, मूड घालवू नकोस ना," मुलगा म्हणाला.

घरी देवापुढची माझी समई याच दोघांनी माळ्यावर टाकली. खरी ज्योत धोक्याची, म्हणून तिथे आता विजेचा दिवा लुकलुकतो. विस्तवाची भीतीसुद्धा माणसं सोयीनं बाळगतात. म्हातारीच्या हातातला विस्तव तेवढा घर जाळतो.

मी मांडीवर ओला नॅपकिन घेऊन बसून राहिले. सुनेने मेणबत्त्यांसकट आम्हा सगळ्यांचा फोटो काढला. फोटो छान आलाय. नॅपकिन दिसत होता, म्हणून मला कापून टाकलंय.