तात्यांचं टिकल्यांचं पिस्तूल

तात्या गेल्याचा फोन साताऱ्याहून आला तेव्हा मी कुकर उघडायच्या बेतात होते. "झोपेतच गेले, काकू," त्यांची सून म्हणाली. फोन ठेवून मी पुन्हा कुकरकडे वळले आणि कानात तोच करडा आवाज आला... "वहिनी, भरलंय का?" मी मुकाट्याने दोन पावलं मागे सरकले, शिट्टी उचलून वाफ जाऊ दिली आणि मगच रडले. तात्यांना हा क्रम पसंत पडला असता.

सुभेदार तात्या आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. फौजेत त्यांनी आयुष्यभर जवानांना बंदूक शिकवली आणि निवृत्त झाल्यावर जबल अलीच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून आले. तिथे कंपनीने त्यांच्या हातात काय दिलं? एक टॉर्च आणि एक शिट्टी! पण टॉर्चसुद्धा ते अशी धरायचे की समोरचा आपोआप बाजूला व्हावा.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. माझा आठ वर्षांचा अमेय पुण्याच्या मामाने दिवाळीसाठी दिलेलं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन उभा होता. दार उघडलं, समोर मिशा दिसल्या आणि हा ओरडला, "हँड्स अप!" कुणीही हसून हात वर केले असते. तात्यांनी एका बोटाने पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि मला विचारलं, "वहिनी, भरलंय का?"

"अहो, खेळण्यातलं आहे ते!"

"ते न्हाई इचारलं. भरलंय का?"

भरलेलं होतं. टिकल्यांची अख्खी गुंडाळी होती. तात्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली, पिस्तूल स्वतःच्या खिशात टाकलं आणि अमेयला म्हणाले, "शुक्रवारी सकाळी माझ्याकडं ये. शिकलास की परत देतो."

आणि दर शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सुटीच्या दिवशी, त्यांच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या सात-आठ पोरांचा वर्ग भरू लागला. विषय, बंदूक! मी तर पेटलेच. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मी दरवर्षी काम करते, त्यामुळे आवाज तीन मजले जातो. तो पूर्ण लावून मी त्यांच्या दारात उभी राहिले. "तात्या, लहान मुलांच्या हातात शस्त्र द्यायचंच कशाला? माझ्या घरात खेळण्यातलीसुद्धा बंदूक नको मला!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, बंदूक कुठं ना कुठं असतीच. पोराला ती दिसंल तवा तुम्ही शेजारी असाल का?"

"असेनच!" मी ठणकावलं आणि अमेयचा वर्ग बंद केला. निदान माझा तसा समज होता. माझा नवरा श्रीकांत दर शुक्रवारी मुलाला 'कॅरम खेळायला' खाली सोडून येत होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात श्रीकांतच्या ऑफिसातल्या अबू खालिदनी आम्हाला रास अल खैमाच्या त्यांच्या शेतावर जेवायला बोलावलं. खजुराची झाडं, गालिचे, ताटभर बिर्याणी... आणि गालिच्यावर लोडाला टेकून ठेवलेली जुनी दुनळी बंदूक. यजमान कोल्ह्यांवर उडवायचे म्हणे. आता सांगायला लाज वाटते, पण खेळण्यातली बंदूकही घरात नको म्हणणारी ही बाई काय करते? पदर खोचते, दुनळी उचलते, नवऱ्यावर नेम धरते आणि गरजते, "श्रीकांत, काढ फोटो! दरोडेखोरीण!" श्रीकांतही शहाणा! कॅमेरा डोळ्याला लावून म्हणतो, "जरा डावीकडे... हां, स्माइल!"

"आई, स्टॉप!"

अमेय दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा होता, चेहरा लालबुंद. "मझल डाउन! नॉट ॲट बाबा! फिंगर आउट!" माझं बोट चापावर होतं हे मला तेव्हा कळलं. मी नळ्या जमिनीकडे केल्या. अमेय माझ्याकडे धावला नाही, बंदुकीकडे हात नेला नाही. जागेवरूनच त्याने विचारलं, "अंकल, इज इट लोडेड?"

"नो, नो, हबीबी," म्हणत अबू खालिदनी हसत हसत बंदूक घेतली, मधून मोडून उघडली... आणि त्यांच्या तळहातावर एक काडतूस पडलं.

अबू खालिद खाली बसले आणि "खलास... खलास..." एवढंच पुटपुटत राहिले. बिर्याणी तशीच राहिली. परत येताना गाडीत श्रीकांतने कॅरमचं सगळं कबूल केलं आणि मी भांडलेसुद्धा नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

त्याच संध्याकाळी मी तात्यांच्या दारात उभी राहिले. बोलायची वाक्यं पाठ करून गेले होते, ऐन वेळी सगळी विसरले. कसंबसं म्हणाले, "तात्या, तुम्ही मुलांना बंदूक धरायला छान शिकवलंत..."

"धरायला?" तात्यांच्या मिशा ताठ झाल्या. "कुणाला धरू दिली? आठ शुक्रवार पोरं हात मागं बांधून नुस्ती लांबनं बघत्यात. अहो, इशीतल्या जवानाच्या हातात देताना माझा जीव वर-खाली व्हायचा. आठ वर्षाच्या पोराला देऊ व्हय?"

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं एकाच बाजूने भांडत होतो! फक्त माझी भूमिका मी तोंडाने मांडत होते आणि तात्या ती शिकवत होते. "आता तुम्ही पण येत जावा शुक्रवारी," ते म्हणाले. मी गेले. पोरांच्या रांगेत शेवटी, हात मागे बांधून. श्रीकांतही आला. तात्यांनी आम्हाला सूट म्हणून दिली नाही.

गावी परतताना त्यांनी पिस्तूल अमेयच्या नाही, माझ्या हातात दिलं. "तपासलंय. तरी तुम्ही तपासा." तेव्हापासून ते आमच्या कपाटात असतं आणि खंडेनवमीला पाटावर येतं. या घरात दुसरं शस्त्र कुठलं असणार? विळी, श्रीकांतचा कॅल्क्युलेटर, पाना-पक्कड आणि ते.

तात्या गेल्यानंतरची ही पहिलीच खंडेनवमी. अमेय आता कॉलेजात जातो, माझ्यापेक्षा हातभर उंच झालाय. पिस्तुलाची स्प्रिंग कधीच तुटली आहे, टिकल्या इथे मिळतही नाहीत. तरी त्याने ते उघडलं, आत पाहिलं, मला दाखवलं, श्रीकांतला दाखवलं आणि तोंड भिंतीकडे करून पाटावर ठेवलं. मी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मागे सरकले.

मग आम्ही तिघं रांगेत नुसते उभे राहिलो... बराच वेळ. नमस्कार करायचाय आणि त्यासाठी पाठीमागे बांधलेले हात सोडायला हवेत, हे कुणाच्या लक्षातच येईना.