नानांचं नाक

रिफायनरी नाना कुठेही शिरायचे तर आधी त्यांचं नाक आत जायचं. पायरीवर उभं राहायचं, मान जराशी वर, दोन लांब श्वास, मग पाऊल आत. चहाचा कप दिला तरी आधी नाकाशी, पेपर दिला तरी नाकाशी. एकदा माझा मेहुणा त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्याच्याही खांद्याचा वास घेतला. मेहुणा बिचारा आठ दिवस स्वतःचे शर्ट हुंगत फिरत होता.

डोंगरकडा या आमच्या गावात माझं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. हळदवाले नि केळीवाले हेच माझं गिऱ्हाईक. अशा दुकानात एक रिटायर माणूस दर बाजाराच्या दिवशी येतो, चार लोकांसमोर तुमच्या नळीचा वास घेतो आणि त्या वासाबद्दल तोंडातून अक्षर काढत नाही, म्हणजे काय होतं ते ज्याचं दुकान आहे त्यालाच कळेल. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. गिऱ्हाईक आधी नानांकडे बघणार, मग माझ्याकडे, आणि मग म्हणणार, "येतो उद्या."

नानांची अख्खी नोकरी समुद्राकाठच्या एका रिफायनरीत गेली. गावाला वाटायचं, तिथे विहिरीतून पेट्रोल शेंदतात नि टँकरमध्ये ओततात. नाना भडकायचे. माझ्या स्टुलावर बसून सांगायचे, "कच्चं तेल म्हंजे काळं, काकवीवानी. त्यातलं पातळ-पातळ उकळून आधी निघतं, खाली उरतं ते जड तेल. ते आमी तापल्या पावडरीत सोडायचो. पावडर मैद्यावानी बारीक, पन अंगावर पडली तर हाडापर्यंत जाईल अशी तापलेली. तेल तिला भिडलं की मोठ्या कणांचे तुकडे. त्यातून पेट्रोल, त्यातून गॅस. गॅसापासून पुढं प्लास्टिकचा दाणा, आन् दाण्यापासून तुझी नळी." पावडरीवर काजळी धरली की ती जाळून पावडर परत कामाला लावायची, हेही सांगायचे. माझ्या नळीचं खानदान असं उलगडून झालं की माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जसं काही त्या खानदानात मीच कुठेतरी भेसळ केली आहे.

"आत काय चालू हाय ते कुनाला दिसत न्हाई," हे त्यांचं नेहमीचं. "काट्यावर बघायचं. आन् काटा कसा, लावला तसा बोलतो." त्यामुळे त्यांचा कुठल्याच काट्यावर विश्वास नव्हता. लाइटचा मीटर, किराणावाल्याचा वजनकाटा, डॉक्टरचं बीपीचं मशीन, सगळे त्यांच्या लेखी संशयित. घरातल्या सिलेंडरच्या नळीला रोज सकाळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे. त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "फेस लावतेत नळीला, आन् येतो माझ्या तोंडाला." लग्नात गेले की आधी वारा कुठून येतो ते बघणार, आचाऱ्याच्या भट्ट्या मोजणार, आणि मग खुर्ची उचलून मांडवाच्या कडेला नेणार. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी तीनदा खुर्ची हलवली. व्याह्यांना वाटलं, हा माणूस रुसलाय.

हे सगळं वेडेपण आहे असं मीही म्हणायचो. पण एकदा नरसीच्या वाटेवर एका शेतात वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये हळद शिजवणं चालू होतं. नाना नि मी माझ्या मोटारसायकलवरून चाललो होतो. नानांनी मागून खांदा दाबून गाडी थांबवायला लावली आणि लांबूनच ओरडले, "जाळ वढा! बाजूला व्हा सगळे!" कुकरवाला हसायला लागला. नाना जवळ जाईनात, आणि गप्पही बसेनात. शेवटी जाळ ओढला, वाफ बसली, तेव्हा बघितलं तर जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह तारेने करकचून बांधलेला. वाफ फुकट जाते म्हणून! एवढा जाळ आणि वाफ कुठूनच सुटत नाही, एवढंच नानांनी लांबून हेरलं होतं. कुकरवाल्याला नानांनी त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या, त्या मी इथे लिहू शकत नाही.

तरीही माझ्या दुकानापुरता मला नानांचाच संशय होता. वसमतला एक मोठा ठिबकवाला आहे. त्याचा माल आमच्या गावात खपावा म्हणून त्यानेच म्हाताऱ्याला माझ्याकडे सोडलंय, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी चहावाल्याला विचारलं, कंडक्टरला विचारलं, नाना वसमतला कधी नि कशाला जातात म्हणून. जायचे ते दात दाखवायला. माझा त्यावरही विश्वास बसला नाही.

मग एका उन्हाळ्यात तो एजंट आला. नवी कंपनी, भाव कमी, नळी काळीभोर नि चकचकीत. मोबाईलवर सर्टिफिकेट दाखवलं, शंभर टक्के नवा दाणा. मी टेंपोभर माल उतरवून घेतला. एजंट गेल्यावर गोदामात एक नळी दुमडून पाहिली. दुमडीवर पांढरी रेघ उमटली. भंगार वितळवून केलेल्या नळीची ही खूण मला काय ठाऊक नव्हती? मी ती नळी बंडलात परत खोचली. हळदीची लागवड तोंडावर होती आणि लोक दारात उभे होते. पाच जणांना ती नळी दिली. हळद नऊ महिने रानात असते. ऐन उन्हात नळ्या तडकल्या तर पाच घरांचं वर्ष बुडणार होतं आणि त्याबरोबर माझं नाव, हे मला तेव्हाही कळत होतं. मी गल्ल्यावर बसून अगरबत्ती लावली.

बाजाराच्या दिवशी नाना आले. तीच नळी उचलली, नाकाशी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. माझा तोल गेला.

"नाना, वसमतवाल्यानं धाडलंय ना तुमाला? एकदाचं सांगून टाका, काय वास येऊन राहिला तुमाला!"

नानांनी नळी खाली ठेवली. "कशाचाच न्हाई," म्हणाले. "मला वासच येत न्हाई, दिगू. नाक मेलंय माझं. लय वर्षं झाली."

मी विचारलं, "मंग हुंगता काहून?"

"मी हुंगत असलो की समोरचा माझ्या नाकाकडं बघतो. आन् मी त्याच्या तोंडाकडं. आज तू माझ्या नाकाकडं बघितलंच न्हाई. तू सारखा गोदामाकडं बघून राहिला."

नाना स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. "आमच्या युनिटात एक गॅस असायचा. सडक्या अंड्यावानी वास. थोडा असला तर घाण येते, मानूस सावध होतो. लय झाला की नाकच बधिर होतं, वास बंद पडतो. वाटतं, गळती थांबली. माझा एक जोडीदार होता. रोज माझ्या डब्यातलं खायचा. त्या दिवशी म्हनला, 'वास गेला, चल.' मी म्हनलं, तू म्हनतो तर बराबरच आसंल. तो दोन पावलं पुढं होता. दोनच. मला वढून काढलं. त्याला काढलं, पन उशीर झाला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेंपो घेऊन निघालो. नाना न सांगता शेजारी येऊन बसले. पहिल्याच रानात मालकाने विचारलं, "काहून काढून राहिले नळ्या? पानी तर बराबर येतंय."

"माल भंगाराचा हाय," मी म्हणालो.

"कधी कळलं तुमाला?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं, म्हणायचं. पण बांधावर नाना उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. "द्यायच्या आधीच ठाऊक होतं," मी म्हणालो. तो माणूस थुंकला आणि नळ्या गुंडाळायला लागला. त्याने पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. तिघांनी बदलून घेतल्या. पाचव्याने ऐकलंच नाही, राहू द्या म्हणाला. त्याच्या नळ्या दसऱ्याच्या आतच उभ्या चिरल्या. गावात माझी जी शोभा व्हायची ती झाली.

त्यानंतरही नाना येत राहिले. तसंच पायरीवर उभं राहणं, तसंच हुंगणं. आता मला त्यांचं गुपित माहीत होतं, तरी ते हुंगायला लागले की नजर गोदामाकडे जाऊ नये म्हणून मी बिलबुक उघडून बसायचो. पुढे त्यांचा दम वाढला. मुलगी त्यांना नि काकूंना पुण्याला घेऊन जायला आली. त्यांची पिशवी घेऊन मी फाट्यापर्यंत गेलो. एसटी येताना दिसली तेव्हा मला राहवलं नाही.

"नाना, खरं सांगा. आता तरी माझ्यावर भरवसा हाय का न्हाई?"

"न्हाई," नाना म्हणाले.

मला फार लागलं ते. माझं तोंड त्यांनी बघितलं असणारच. एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून, दांडीला धरून ते वळले.

"भरवसा मी एकावरच ठेवला होता, दिगू," म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

ते परत आले नाहीत. दिवाळीच्या आधी पुण्याहून काकूंचा फोन आला, नाना गेले म्हणून.