तिच्या वाट्याचं पाणी

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी बायको गेली. आदल्या संध्याकाळी ती ओट्यापाशी पडली होती. आठ वाजता तिची शाळा भरली. तिसऱ्या तासाला ती दहावीच्या वर्गात साबण करून दाखवणार होती.

ती शारजात रसायनशास्त्र शिकवायची. दर वर्षी खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन ती मुलांना साबण करून दाखवायची, आणि त्या वड्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीत वाळत पडायच्या. मी कंपन्यांसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायचो. २००८च्या मंदीत दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस बंद झालं आणि मी तिच्या व्हिसावर घरी बसलो. सकाळी ती आणि मुलगी शाळेत जात. मी भांडी घासून कॉम्प्युटरवर वाचत बसायचो. हाताशी वेळ होता, म्हणून जे एरवी वाचलं नसतं तेही वाचलं.

त्यातच एक लेख होता. अमेरिकेत काही ठिकाणी देह जाळण्याऐवजी पाण्यात विरघळवायची पद्धत सुरू होत होती. पोलादी टाकी, गरम पाणी, त्यात थोडं कॉस्टिक. काही तासांनी उरतात ती पांढरी, मऊ हाडं. लाकूड नाही, धूर नाही, ऊर्जाही बरीच कमी. संध्याकाळी चहा घेताना मी तिला तो वाचून दाखवला.

"यात नवीन काय?" ती म्हणाली. "मातीत जे वर्षानुवर्षं चालतं, तेच घाईत. माझ्या साबणाचीच रीत आहे ही."

"म्हणजे तुझा साबण करायचा?"

"माझा नाही होणार. तुझा होईल, दोन किलो. पोट बघ जरा."

मुलगी गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "ग्रोस, यू गाइज."

पण बायकोने तो लेख स्वतः पुन्हा वाचला. पाण्याचं पुढे काय करतात, कॉस्टिक किती लागतं, सगळं तिने वहीत उतरवून घेतलं. रविवारी भाजी निवडताना ती म्हणाली, "मला हेच हवंय. आग नको. करशील ना?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

इथे राहिलेल्या प्रत्येकाला तो सूर ओळखीचा आहे. गळका नळ, अडकलेला पगार, उद्या येणारा एसीवाला, सगळ्यांना आम्ही तेच म्हणायचो. शब्दाचा दोष नाही. तो मनापासून म्हणणारी माणसंही मी रोज पाहिली आहेत. विषय मिटवायला तो वापरायची सवय आमची होती.

"इन्शाल्ला नको," ती म्हणाली. "हो म्हण."

"हो," मी म्हणालो. मुलगी शेजारी बसली होती. तिने ते ऐकलं.

तीन वर्षं गेली. मला जबल अलीत एका गोदामाच्या कंपनीत काम मिळालं होतं. त्या तीन वर्षांत मी एकही पत्र लिहिलं नाही, की कुठे चौकशी केली नाही. ती पन्नाशीचीही नव्हती, आणि माझ्या डोक्यात अजून पुष्कळ वेळ होता.

त्या गुरुवारी इस्पितळाच्या खिडकीतल्या माणसाने हळू आवाजात विचारलं, "सर, इंडिया भेजना है, या इधर ही?" तिसरा पर्याय त्याच्या कागदावर नव्हता. भारतातही तो नव्हता.

पुण्याहून तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. "भावोजी, ताईला इकडे आणा. आई वाट बघतेय."

"विमानात न्यायचं तर तिच्या अंगात फॉर्मॅलिन भरावं लागेल," मी म्हणालो. "शाळेतल्या फॉर्मॅलिनच्या बरण्या तिने भांडून बाहेर काढायला लावल्या होत्या. मी ते होऊ देणार नाही."

 "मग मीच येतो," तो म्हणाला.

तो निर्णय बरोबर होता. तेव्हाही मला शंका नव्हती, आजही नाही. पण तो अर्धाच होता, आणि उरलेला अर्धा माझ्या मुलीला माहीत होता.

शनिवारी इथल्याच स्मशानात तिनेच अग्नी दिला. त्याआधी भटजींनी तिच्या खांद्यावर पाण्याचं मडकं दिलं. प्रत्येक फेरीला मामाने मडक्याला दगडाने एक भोक पाडलं आणि तिच्या मागे पाण्याची धार जमिनीवर पडत गेली. तिसऱ्या फेरीनंतर तिने मडकं मागे टाकलं. ते फुटलं. ओल वाळूत लगेच जिरली. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाबा, दॅट्स ऑल द वॉटर शी गॉट. यू प्रॉमिस्ड."

मी इन्शाल्ला म्हणालो नाही. 

मेहुणा अस्थी पुण्याला घेऊन गेला. जाताना मी त्यातल्या चमचाभर मागितल्या. "घरात ठेवू नयेत, भावोजी," तो म्हणाला, पण दिल्या. मी त्या तिच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत भरल्या.

मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि तिथेच राहिली. आमचं फोनवर जेवण, हवा, तब्येत एवढंच बोलणं व्हायचं. तिने तो विषय काढायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. एका हिवाळ्यात मी तिच्या शहरातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्यांना पत्रं लिहायला घेतली. बाराव्या पत्राला होकार आला: त्यांच्याकडे पाण्याच्या पद्धतीची सोय होती. मी माझं नाव नोंदवलं. निवृत्तीनंतर तिच्याकडेच राहायला जायचं हेही ठरवलं, म्हणजे माझ्याही देहाला विमान नको. फॉर्मवर जबाबदार नातेवाइकाची सही लागत होती.

मी तिला फोन केला. "तुझी आई गेली तेव्हा मी काहीच केलेलं नव्हतं," मी म्हणालो. "आता केलंय. माझी हाडं निघतील त्यात तिच्या अस्थी मिसळ आणि झाडाच्या बुंध्याशी मातीत घाल. करशील?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"टू किलोज ऑफ सोप," ती म्हणाली, आणि पुढे मराठीत, "हो, बाबा."

सही केलेला फॉर्म मागच्या महिन्यात आला. अल नहदाच्या या फ्लॅटमध्ये आता दोन बॅगा भरून ठेवल्या आहेत. फॉर्म फाइलमध्ये आहे. तिच्या अस्थींची बाटली अजून कपाटात आहे; ती निघताना हातात घेईन.